मावशीचा इसावा

इसावामावशीला बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बेल्ह्याच्या रस्त्याला लागून तिचं घर, पुढे ऐसपैस ओटा. बाजारच्या दिवशी डोक्यावर पाटी किंवा पाठीवर पोतं घेऊन कुणी चाललं की ही आतून ओरडायची, "टेकव वझं आधी! घे इसावा!" विसाव्याला ती इसावा म्हणायची, म्हणून गावानं तिचं नावच तसं पाडलं. आल्यागेल्याला चहा द्यायची आणि स्वतः दाराला टेकून उभी राहायची. मी तिची शेजारीण. "मावशी, तुमचा इसावा कधी?" असं मी चिडवलं की म्हणायची, "मला न्हाई बाई परवडत."

मिशनच्या दवाखान्यात तिनं आयाचं काम केलं. वाढलीही मिशनच्याच वसतिगृहात. तान्ही असताना कुणीतरी तिला तिथल्या पायरीवर सोडून गेलं होतं. रविवारी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये पोचून ती झाडलोट करायची, सतरंज्या अंथरायची आणि उपदेश रंगात आला की नेमकी पाणी वाटायला उठायची. एकदा पाळकसाहेब वैतागले. "मावशी, देवाला तुमचं काम नको, तुम्ही हव्या आहात. बसा बघू!" ही म्हणाली, "कामाबिगर कोन ठिवून घेतंय व्हय, सायेब?" सगळे हसले. ती मात्र हसली नव्हती.

मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. मावशी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी भात भरवायला गेले की एकच विचारायची, "आता कशाला ठिवलंय गं देवानं मला?" मी पुढचा घास पुढे करायचे. बाई जिवंत होती, पण जगायचं कारण तिच्या हातातून गळून पडलं होतं.

एका बाजारच्या दिवशी मळ्यातली सखूबाई आली. सवयीनं ओट्यावर पाटी टेकवली आणि आत येऊन खाटेपाशी बसली. लेकीचा संसार मोडत आला होता, ते सांगत बराच वेळ रडली. मावशीचा लुळा हात तिनं आपल्या हातात धरून ठेवला होता. उठताना म्हणाली, "लई हलकं वाटलं बगा."

"च्यापन न्हाई दिला गं तुला," मावशी पुटपुटली.

"च्यासाठी कोन येतंय? आमी तुमच्यासाठी येत व्हतो."

सखूबाई गेली आणि मावशी ढसाढसा रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "जलमभर देवाच्या घरात मोलकरीण म्हनून ऱ्हायले. आगं, लेक व्हते मी! पायरीवर व्हते तवापासनं लेकच व्हते. घावला बाई, मला इसावा घावला."

दुसऱ्या दिवशी तिनं खाट ओट्यावर काढायला लावली. पुन्हा हाका सुरू झाल्या, पूर्वीपेक्षा मोठ्या. चहा आता येणाऱ्यानंच करून तिलाही पाजायचा. ती डावा हात आलेल्या बाईच्या डोक्यावर ठेवून म्हणायची, "बापा, हिचं वझं तू घे," आणि मग बेसूर गळ्यानं स्तोत्र गायची. डाव्याच हातानं माझ्या शेंगा सोलून द्यायची. मी रागावले की हसायची. "आदी ठिवून घ्यावं म्हनून राबायचे. आता ठिवून घेतलंय म्हनून राबते. लई फरक हाय, राव!" इतकी आनंदी बाई मी दुसरी पाहिली नाही.

ती गेली तेव्हा पेटीला खांदा द्यायला सगळं गाव पुढे आलं. वाटेत विसाव्याचा दगड लागतो. तिथे तिरडी क्षणभर खाली ठेवायची, खांदे बदलायचे, ही गावाची जुनी रीत. पोरं सवयीनं थांबली, पेटी उतरवायला वाकली. तेवढ्यात मागून सखूबाई ओरडली, "आरं, ठिवू नका खाली! तिचा इसावा कवाच झालाय!"

पोरं ताठ झाली. पेटी पुन्हा खांद्यावर चढली. कुणीतरी मावशीचं स्तोत्र धरलं, अगदी तिच्यासारखंच बेसूर, आणि आम्ही सगळे गातच पुढे निघालो.