वाळूवर पडलेलं हेलिकॉप्टर

कुणाकडे जेवायला गेलं की प्रश्न ठरलेला. "तू नक्की करतेस काय गं?" नेदरलँड्समधल्या आमच्या न्यूनेन गावच्या मराठी ग्रुपमध्ये सगळे आयटीवाले, आणि मी आपली मोडक्या धातूची डॉक्टर! विमान किंवा हेलिकॉप्टर पडलं की तुकडे माझ्याकडे येतात. कुठला तुकडा आधी मोडला, ते मी शोधते. एवढं सांगितलं की लोक हातातली प्लेट खाली ठेवतात, आणि मग हळूच म्हणतात, "सांग ना एखादा किस्सा."

एखादा कुठला? एकेका अपघाताचे पाच-सहा साठतात. रिपोर्टमध्ये ते बसत नाहीत, मग जाणार कुठे? हे सगळे एकाच हेलिकॉप्टरचे. प्रत्येकात कुणी ना कुणी टरकलेलं आहे. बहुतेक वेळा मीच!

*

ग्रोनिंगनच्याही पलीकडे, उत्तरेच्या समुद्रात, वाळूचं एक निर्मनुष्य बेट आहे. त्याच्या टोकाला एक खासगी हेलिकॉप्टर कोसळलं. मालक स्वतः चालवत होता, शेजारी त्याचा मित्र. दोघंही गेले. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना नेलेलं होतं. उरलं होतं ते यंत्र, आणि त्याच्यावर दर भरतीला चढणारं पाणी.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातून लोकांना सुखरूप नेणारे वाटाडे असतात तिकडे. आमची वाटाडी चित्स्के, साठीची, वाऱ्याने रापलेली. पहिल्याच दिवशी तिने दम भरला. "मी 'चला' म्हटलं की निघायचं. फोटो काढून झाल्यावर नाही. म्हटल्यावर."

आमचा साहेब रुड (इथे साहेबालाही अरे-तुरेच!) म्हणाला, "आणि काम अर्धं राहिलं तर?"

"उरलेलं समुद्र करतो!"

*

दुसऱ्या फेरीत हेलिकॉप्टरच्या शेपटाचा तुकडा घसरगाडीवर बांधून ओढत परत येत होतो. बघता बघता धुकं उतरलं. आधी किनारा गेला, मग चित्स्के गेली, मग माझेच बूट दिसेनात. चित्स्केचा आवाज आला, "दोरी धरा. कुणी हलू नका."

पाण्याचा आवाज येत होता, आणि तो चारी बाजूंनी! भरती नक्की कुठून येतेय, कळेना. लहानपणी आईने शिकवलेलं स्तोत्र मी पुटपुटायला लागले.

धुक्यातून रुडचा आवाज आला. "काय म्हणतेयस?"

"प्रार्थना."

"मोठ्याने म्हण! डावीकडे कुणीतरी जिवंत आहे एवढं तरी कळू दे मला!"

चित्स्केने खाली बसून ओहळात हात घातला, पाणी कुठून कुठे वाहतंय ते पाहिलं आणि आम्हाला चालवत नेलं. बांधावर पोचल्यावर सगळे हसायला लागले. रुड हसला नाही. त्याची मूठ दोरीवरून सुटतच नव्हती. शेवटी त्याची बोटं मी एकेक करून सोडवली.

*

एकदा केबिनच्या सांगाड्यात वाकून काम करत होते, आणि लहान मूल रडल्याचा आवाज आला. अगदी स्पष्ट!

रुडने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक. "हेलिकॉप्टरमध्ये दोघंच होते ना?"

"दोघंच म्हणाले होते."

"कोण म्हणालं होतं?"

पुन्हा रडणं. एवढा ताडमाड माणूस, वाळूच्या टेकाडाकडे असा धावला की त्याचा एक बूट मागे राहिला. पाठोपाठ मी.

टेकाडामागे सीलचं पिल्लू होतं. आई हरवलेलं.

"आम्ही ह्यांना 'रडके' म्हणतो," मागून चित्स्के म्हणाली. "कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

रुड वाळूत गुडघ्यांवर बसला होता. "नाही," तो म्हणाला. "जरा आधी सांगत जा!"

*

कोथरूडहून आईचा फोन. स्पीकरवर होती.

"तिथलं काही घरात आणू नकोस हं. दारातच पाय धू."

"अगं आई, बूट लॅबमध्येच राहतात."

"बुटांचं नाही म्हणत मी."

माझी लेक ईरा शेजारी जेवत होती. तिला मराठी कळतं, पण उत्तर कायम डचमध्ये. त्या दिवशी तिने कुठल्याच भाषेत काही म्हटलं नाही. टेबलाखाली वाकून पाहिलं, आणि दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

*

भरतीपेक्षा मी घाबरले ते मरायकेला. ती हेलिकॉप्टर चालवणाऱ्याची बायको. हँगरमध्ये आम्ही सगळे तुकडे जमिनीवर जागच्या जागी मांडले होते. ती कोट न काढता त्यांच्यासमोर बसली.

"एकच विचारायचंय. चूक त्याची होती का?"

शेपटावर एक छोटा पंखा असतो, तो हेलिकॉप्टरला गरगर फिरू देत नाही. त्याचा एक बोल्ट तुटलेला सापडला होता. पण बोल्ट तुटला म्हणून हेलिकॉप्टर पडलं, की पडलं म्हणून बोल्ट तुटला? खाऱ्या पाण्याने तुटल्याच्या खुणा खाऊन टाकल्या होत्या.

"माहीत नाही," रुड म्हणाला.

"त्याच्या मित्राची बायको आमच्या समोरच राहते," मरायके म्हणाली. "माझ्या नवऱ्याने तिचा नवरा मारला, असं तिला वाटतं. मी बाहेर पडले की ती पडदा ओढते. आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटायला लागलंय."

मी बोल्ट उचलला आणि पुन्हा भिंगाखाली धरला.

चूक त्याची नव्हती. ते सिद्ध झाल्यावर रुडने तिला स्वतः फोन केला. पुढे कधीतरी तिचा आम्हाला फोन आला. "समोरची आली होती. काही बोलली नाही. कॉफी प्यायली आणि गेली."

*

ते सिद्ध कसं झालं, तो हा किस्सा.

अपघात पाहणाऱ्या एका कोळ्याचं म्हणणं होतं, हेलिकॉप्टर आधी हवेतच भिंगरीसारखं फिरलं. एवढ्या लांबून त्याला ते दिसलं असेल का, हे बघायला त्याच जातीच्या दुसऱ्या हेलिकॉप्टरमधून त्याच वाटेने उडायचं ठरलं. ते चालवणारा मालक ब्राम, गप्पिष्ट माणूस. मागच्या सीटवर मी!

सकाळी शिडीवर पाय ठेवला, आणि तो पुढे जाईना. "आधी शेपटाचा बोल्ट काढून दाखवा," मी म्हटलं.

ब्राम हसला. "बाई, आत्ताच तर तपासणी झालीय!"

"मग पुन्हा करा. नाहीतर मी चढत नाही."

मला वाटलं, रुड चिडणार. रुडने माझ्याकडे पाहिलं आणि मेकॅनिकला म्हणाला, "काढ."

बोल्ट निघाला. मी त्याला लाल रंग लावला, थांबले, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. भेग असेल तर आत शिरलेला रंग पावडरीवर उमटतो. आम्ही चौघं बघत उभे. ब्रामचं बोलणं चालूच होतं.

पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. केसाएवढी. मग लांबत गेली, जवळजवळ आरपार. हे हेलिकॉप्टर तर कधी पडलंच नव्हतं; म्हणजे बोल्ट आधी तुटतो, हेलिकॉप्टर मग पडतं.

ब्राम बोलायचा थांबला. हळूहळू खाली, फरशीवरच बसला.

"काल वडिलांचा वाढदिवस होता," तो म्हणाला. "ह्यातूनच त्यांना समुद्रावर फिरवून आणलं. उतरताना म्हणाले, अजून एक चक्कर मार."

त्याने पुन्हा त्या लाल रेघेकडे पाहिलं.

"मी मारली."