एक जूनला जन्मलेल्या मुली

माझा वाढदिवस एक जूनला नसतो. आई सांगायची, दसरा होऊन चार दिवस झाले होते. कागदावर मात्र मी एक जूनला जन्मले, माझा धाकटा भाऊही एक जूनलाच जन्मला, आणि आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्याच दिवशी जन्मली. शाळेत नाव घालायला नेलं की हेडमास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. धरता आला की शाळा उघडताना सहा वर्षं पुरी होतील अशी तारीख लिहून मोकळे व्हायचे. अजूनही खेड्यांतून येणाऱ्या कितीतरी मुलांच्या दाखल्यावर हीच तारीख असते. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही, म्हणून पुढे जे झालं त्याचा राग मला आधी स्वतःचाच येतो.

आमचं घराणं बेंगळुरूचंच. किती पिढ्यांपासून ते कुणी मोजलेलं नाही. घरात मराठी बोलतो, तिच्यात निम्मी कन्नड. मी इथल्या एका खाजगी विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळते. लागले तेव्हा जाडजूड रजिस्टरं होती, आता सगळं संगणकात आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक समिती बसली आणि तिने विद्यापीठातल्या प्रत्येक माहितीला एकेक मालक नेमून दिला. गुण परीक्षा विभागाचे. आत कोण आलं, किती शिकतायत, मधेच सोडून कोण गेलं आणि का गेलं, हे माझं. या कामाला ‘डेटा स्टुअर्ड’ म्हणतात. घरी सांगितलं तेव्हा भावाने विचारलं, विमानात चहा तूच देणार का?

दर वर्षी एका ठरलेल्या दिवशी आम्ही माहिती गोठवतो. म्हणजे त्या दिवशी जो आकडा असेल तोच सरकारकडे जातो, तोच दर्जा ठरवणाऱ्या पाहणी समितीकडे जातो, आणि नंतर माझ्या सहीशिवाय त्यात कुणी बोट घालायचं नाही. नियमावलीत मी हट्टाने एक कलम घालून घेतलं होतं: चूक सापडली तर काय चुकलं आणि कुणाचं चुकलं ते आधी लिहायचं, मगच दुरुस्त करायचं. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मान डोलवायला काय जातं!

त्या वर्षी गोठवणीच्या आधी आमचा सॉफ्टवेअरवाला माझ्याकडे यादी घेऊन आला. पुण्याहून आलेला, हुशार, स्वभावाने चांगला माणूस. आमच्याकडे कोर्स बदलला की विद्यार्थ्याला नवा नंबर मिळतो, त्यामुळे एकच मूल दोन नंबरांनी दिसतं. ते निस्तरायला त्याने संगणकाला सांगितलं होतं की नाव, वडिलांचं आद्याक्षर आणि जन्मतारीख जुळली तर माणूस एकच समज. जुळलेल्या जोड्यांची यादी समोर होती. प्रत्येक नोंदीसोबत फोटो होता. मी फोटो उघडले नाहीत. एका दुपारी, दोन चहांच्या मधे, मी सगळ्या जोड्यांवर बरोबरची खूण केली. एक जून, एक जून, एक जून. माझी स्वतःचीच खोटी तारीख डोळ्यांसमोरून जात होती आणि मला काही म्हणता काही वाटलं नाही.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी एक मुलगी खिडकीशी येऊन उभी राहिली. शहराबाहेरच्या होसकोटे गावची. केमिस्ट्रीची पदवी पूर्ण झालेली, तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागलेली. सोमवारी कागद दाखवले तर नोकरी, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. आणि हिचा निकाल अडकलेला. तीन आठवडे परीक्षा विभाग तिला सांगत होता, संगणकात तसंच आहे, आम्ही काय करणार.

गुणपत्रिका माझ्यापुढे सरकवून ती कन्नडमध्ये म्हणाली, “मॅडम, मी केमिस्ट्रीची. हे प्रोग्रॅमिंगचे दोन पेपर मी कधी दिले? नापास तरी कधी झाले?”

मी नोंद उघडली. आत दोन फोटो होते. एक समोर उभ्या असलेल्या मुलीचा, दुसरा कुणा गोल चेहऱ्याच्या मुलीचा. खाली एकच नाव, एकच आद्याक्षर, एकच एक जून. तिला बसवून मी सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत आम्ही सगळी यादी फोटो लावून तपासली. आणखी अकरा जोड्या तशाच निघाल्या. प्रत्येक जोडीत एक जण शिकत होता आणि एक जण मधेच सोडून गेलेला. दोघेही शिकत असते तर पहिल्याच परीक्षेला बोंब झाली असती. निघून गेलेलं माणूस बोंब मारत नाही. शिकणाऱ्या अकरा जणांना अजून पदवीचा कागद लागला नव्हता, म्हणून तेही गप्प होते. आणि सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या आकड्यातून बारा माणसं पुसली गेली होती. तो कमी झालेला आकडा वर पोचला होता आणि त्याबद्दल आमचं कौतुकही झालं होतं.

शुक्रवारी सकाळी मी कुलसचिवांकडे गेले. ते एरवी मला मॅडम म्हणतात. गोड बोलायचं असलं की अक्का म्हणतात.

“अक्का, त्या मुलीचं आज करून टाका,” ते म्हणाले. “स्वल्प शांतपणे. बाकीचे येतील तेव्हा बघू. पुढच्या महिन्यात पाहणी आहे, आता गोठवलेला आकडा हलवला तर दहा प्रश्न येतील.”

“आणि लिहायचं काय, सर?”

“लिहायचं कशाला?”

बाहेर आल्यावर सॉफ्टवेअरवाला म्हणाला, “मॅडम, टू बी फ्रँक, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी बॅकएंडला जाऊन दोन्ही रेकॉर्ड अनलिंक करतो. पाच मिनिटं. तिचं काम होईल, तुमचं नावही कुठे येणार नाही.”

मला मोह झाला. खोटं कशाला सांगू? मुलीची नोकरी वाचत होती, माझी अब्रू वाचत होती, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. मी जागेवर बसले आणि पुन्हा ती नोंद उघडली. तो दुसरा, गोल चेहरा. ही मुलगी आमच्याकडे आली, वर्षभर वर्गात बसली, गेली, आणि आम्ही म्हणत होतो की ती कधी आलीच नव्हती. माझं डोकं फिरलं. चूक मी करायची आणि नाहीशी तिने व्हायचं? नाही म्हणजे नाही.

मी विद्यापीठाच्या कागदावर पत्र लिहिलं. या दोन वेगळ्या विद्यार्थिनी आहेत, नापासचे दोन पेपर हिचे नाहीत, नोंदी चुकीने एकत्र झाल्या, ती चूक माझी. खाली सही केली, शिक्का मारला, कुणालाही न विचारता. त्याची एक प्रत कुलसचिवांच्या टेबलावर पाठवली आणि बारा जोड्यांचा चूक-अहवालही सोबत जोडला. होसकोटेच्या मुलीला बोलावून पत्र दिलं, तिने ते उभ्याउभ्या वाचलं.

“तुमची नोकरी जाणार नाही ना, मॅडम?”

“माझी जाते की राहते ते मी बघते. तू सोमवारी वेळेवर जा.”

नोंदी कायमच्या वेगळ्या करायला दोघींच्या सह्या लागतात. दुसरीने जुना फोन नंबर बदलला नव्हता. चिकपेटमध्ये साड्यांच्या एका घाऊक दुकानात काम करते म्हणाली. शनिवारी मी मेट्रोने गेले आणि तिथल्या गर्दीतून वाट काढत दुकान शोधलं. ती साड्यांच्या घड्या घालत होती. मला पाहून उठली, पण हात थांबले नाहीत.

“कॉलेजातून कुणीतरी आलं म्हणायचं!” ती म्हणाली. “दोन वर्षांनी.”

मी झालं ते सगळं सांगितलं, माझी चूकही. ती हसली, मग हसू गेलं. सहीसाठी मी नेलेल्या फॉर्मवर कॉलेज सोडण्याचं कारण विचारलं होतं आणि पर्याय छापलेले होते: वैयक्तिक, आरोग्य, लग्न. तिने ते तीनदा वाचले. मग सांगू लागली. वर्षाच्या मध्यावर मुलींचं वसतिगृह के. आर. पुरमच्याही पलीकडे, नव्या जागेत हलवलं. वर्ग जुन्या जागीच राहिले. जायला दोन तास, यायला दोन तास, सकाळची प्रॅक्टिकलं रोज बुडायची. तिने वसतिगृहाच्या ऑफिसात दोन अर्ज दिले, आधी बससाठी, मग प्रॅक्टिकलची वेळ बदलावी म्हणून. कुणी उत्तर दिलं नाही. दोन पेपर गेले, वडील म्हणाले पुरे झालं, ये निघून. घरी जाण्याऐवजी ती इथे कामाला लागली.

तिने छापलेल्या तिन्ही शब्दांवर काट मारली आणि फॉर्मच्या मागे हे सगळं कन्नडमध्ये लिहून सही केली. लिहिताना एकदा डोळे पुसले, साडीवर पाणी पडू नये म्हणून तोंड फिरवून.

सोमवारी मालक नेमणाऱ्या आमच्या समितीची बैठक होती. होसकोटेची मुलगी कामावर रुजू झाल्याचा फोन सकाळीच आला होता, त्यामुळे मला आता कसलीच भीती नव्हती. कुलसचिवांनी अहवाल चाळला. पत्र बाहेर गेलंच होतं, त्यामुळे बारा नोंदी वेगळ्या करायला त्यांनी संमती दिली. वाढलेला आकडाही कळवू म्हणाले. मला निष्काळजीपणाबद्दल खुलासा मागणारं पत्र मिळेल असंही सांगितलं. मी म्हटलं, द्या, चूक मी आधीच लिहून दिली आहे.

मग त्यांनी चिकपेटचा फॉर्म उलटा केला. “हे एवढं कशाला? कारण ‘वैयक्तिक’ करून टाका, अक्का. बाकी सगळं सरी, ठीक आहे.”

“कारणाचा रकाना माझा आहे, सर. तुमच्याच समितीने दिलाय.”

“मग सांगतोय ना मी.”

“तिने लिहिलंय. मी ते बदलणार नाही. आणि ती म्हणते तिने दोन अर्ज दिले होते. वसतिगृहात येणाऱ्या अर्जांचा मालक कोण नेमलाय आपण?”

टेबलाभोवती सगळ्यांनी मालकांची यादी उलटून पाहिली. कुणीच नेमलेला नव्हता. प्रत्येक आकड्याला आम्ही मालक दिला होता, मुलींच्या अर्जांना द्यायचं राहून गेलं होतं. मी सगळ्यांसमोर फाईलवर लिहिलं: दोन्ही अर्ज शोधून जोडावेत, तोवर ही नोंद बंद होणार नाही. खाली सही केली.

पाहणी झाली. खुलाशाचं पत्र आलं, मी उत्तर दिलं. ती एक नोंद अजून उघडी आहे, आणि उघडी नोंद असली की वर्षाचा अहवाल पुरा होत नाही. कुलसचिवांचा दर सोमवारी निरोप येतो, अक्का, बंद करा आता. मी दर सोमवारी एवढंच लिहून पाठवते: अर्ज मिळाले का?