तोरणाखाली तिने म्हटलेली झडती

मी निवृत्त झाल्यावर विभागाने स्मरणिका काढली. तीत छापलं आहे की, विद्यार्थ्यांचा झडत्यांचा पॉडकास्ट मी सुरू केला. ते खरं नाही. मी तो अडवत होतो. सत्काराच्या दिवशी गप्प बसलो, म्हणून आता लिहितो आहे.

बोंडअळीने कापूस बुडवला, ती वर्षं. अमरावतीला विद्यापीठात मी पत्रकारिता शिकवत होतो. वर्गातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. बाहेरचे लोक कॅमेरे घेऊन गावांत यायचे, घरातलं कुणी रडेपर्यंत थांबायचे आणि निघून जायचे. तेल्हाऱ्याकडची एक मुलगी एकदा वर्गात उठून म्हणाली, "सर, आमी नुसते रडतोच काय? पोयाले आमच्या गावचे लोक झडतीत सरकारची कशी उतरवतात, ते कावून कोनी रेकॉर्ड नाही करत?"

झडती म्हणजे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असताना ठणकावून म्हटलेली यमकं. त्यांत कापसाच्या भावापासून सरपंचापर्यंत कुणाची गय नसते. मुलांनी ठरवलं, पॉडकास्ट काढून गावोगावच्या झडत्या ऐकवायच्या, आणि आपणही नव्या रचायच्या.

मी म्हणालो, आधी लिहून दाखवा. अकोल्याचा एक मुलगा रेकॉर्डिंग सांभाळायचा, तो हसला. "सर, झडती कागज देखके नहीं होती." तरी त्यांनी लिहून आणल्या. त्या मुलीची मी लाल पेनाने खोडली. बायका झडती म्हणत नाहीत, गाव चिडेल, विभागावर येईल, अशी कारणं दिली.

"गावाचं सोडा सर, तुमाले कशी वाटली?"

चांगली वाटली होती. तसं बोललो नाही.

पोळ्याला ती आणि तो अकोल्याचा मुलगा तिच्या गावी गेले. मीही गेलो, तिला थांबवायला. तिच्या वडिलांनी तिला बजावलं होतं, "गावात हसू झालं तं अमरावती बंद." बैलांचे कासरे धरून ते रांगेत उभे होते. माझ्याशी धड बोललेही नाहीत.

पुरुषांच्या झडत्या झाल्या. डफडं थांबलं, आणि ती तोरणाखाली येऊन उभी राहिली. एक म्हातारे आजोबा ओरडले, "ए पोरी, बाया नाई म्हनत झडती!"

"कोनं मनाई केली आबाजी? बैलानं?"

लोक हसले. मी पुढे व्हायच्या आत तिने सुरू केलं.

"बैलाच्या पाठीवर झूल नवी, शिंगाले लावला रंग,
कापूस वेचता वेचता मायचं मोडून गेलं अंग,
बैलाले पोयाची सुट्टी, मायची कवा, सांग?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

आणि ती थांबली. इथे सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं असतं. कुणीच देईना. वडील मान खाली घालून कासऱ्याशी चाळा करत होते. मला वाटलं, संपलं हिचं शिक्षण.

तेवढ्यात "हर हर महादेव!" असा खणखणीत आवाज आला. तो त्याच म्हाताऱ्यांचा होता. जन्मभराची सवय, "हर बोला" ऐकलं की तोंड आपोआप उघडायचं. आपण काय केलं ते ध्यानात आल्यावर ते स्वतःच खो खो हसत सुटले. मग सगळी रांग गरजली. बैल बिचकले. घरांच्या ओट्यांवरून बायकांनी टाळ्या पिटल्या. अकोल्याच्या मुलाने हेडफोन कानावरून ओढून काढला. "सर, आवाज फट गया! फिर भी यही रखूँगा!"

"पुन्हा म्हन वं," म्हातारे म्हणाले. दुसऱ्या वेळी महादेवाच्या गजरात तिच्या वडिलांचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

पॉडकास्टचा तो भाग पुढे मोबाइलवरून गावागावांत फिरला. बायका आपापल्या झडत्या रेकॉर्ड करून पाठवू लागल्या, त्यांतल्या निम्म्या नवऱ्यांवर. मी खोडलेली ओळन् ओळ त्यांना पाठ होती.

त्याआधी, सण आटोपल्यावर, तिला एसटीत बसवून द्यायला वडील स्वतः आले. मी त्याच गाडीत होतो. त्यांनी पिशवी वर दिली आणि कंडक्टरला, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "अमरावतीले चालली. माही पोरगी हाय, झडतीवाली."