स्टेशनचं घड्याळ

छत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून हिरवा झेंडा दाखवलेल्या माणसाला रेल्वे निवृत्त करू शकते, पण त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला ते कळवायचं कुणी? गार्डसाहेबांना सहा वर्षांत ते जमलं नव्हतं. जेवणाचं ताट दोन मिनिटं उशिरा आलं तरी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. आतून बायको विचारी, "काय, गाडी लेट आहे म्हणून पेनल्टी लावताय का?"

नोकरीत त्यांनी एकदाही कुणासाठी गाडी थांबवली नाही. धापा टाकत पळणारे नवरदेव राहिले, परीक्षेला निघालेली मुलं राहिली, एकदा तर खुद्द स्टेशनमास्तरांचे व्याही राहिले. पण घराण्यात गाजलं ते त्यांच्या बायकोचं राहणं. ती भावाच्या लग्नाला निघाली होती आणि गाडीवर गार्ड होते हेच. एका जंक्शनवर ती पाण्याची बाटली भरायला खाली उतरली. तीन मिनिटांचा थांबा. ती बाटली घेऊन पळत येतेय, आणि इकडे झेंडा हलला. माहेरी बॅग वेळेवर पोचली, बाई पोचल्या लग्न लागून गेल्यावर.

"मला ती दिसलीच नाही हो, ऊन डोळ्यांवर होतं," असं गार्डसाहेब गेली तीस वर्षं सगळ्या नातेवाइकांना सांगत आले होते. ते खोटं होतं. त्यांनी तिला अगदी स्वच्छ पाहिलं होतं. नियम म्हणजे नियम, अशा तोऱ्यात झेंडा दाखवला आणि पुढच्या स्टेशनपर्यंत त्यांना स्वतःचीच लाज वाटू लागली. पण खरं बोलण्याचा मुहूर्त टळला की टळतच जातो.

तर अशा या जोडप्याला मुलीने आणि जावयाने हट्टाने आठ दिवसांच्या जहाजाच्या सहलीवर धाडलं. पाचव्या दिवशी जहाज एका मोठ्या बंदराला लागणार होतं. आदल्या संध्याकाळी केबिनच्या दारात पत्रक आलं. गार्डसाहेब दाढी करत होते आणि बाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "जहाजाचं घड्याळ किनाऱ्यापेक्षा एक तास पुढे आहे. प्रवाशांनी जहाजाचीच वेळ पाळावी. दुपारी साडेचारला शिडी उचलली जाईल. अहो, ऐकलंत का?"

"घड्याळातलं तू मला नको शिकवू," गार्डसाहेब आरशाला म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

सकाळ मजेत गेली. दोघं चढाच्या गल्ल्यांतून फिरली. गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी पाहिल्या, एका दुकानात बाईंनी नातीसाठी लाकडी बदक घेतलं, चौकातल्या बाकावर बसून दोघांनी एकच आइस्क्रीम खाल्लं, कारण साहेबांना साखर. पण बाईंच्या नव्या बुटांनी टाच सोलली. दुपारी एकला त्या म्हणाल्या, "मी आता जहाजावर जाऊन पाय वर करून पडते. तुम्ही काय करताय?"

"मी जरा स्टेशन बघून येतो."

बाई हसल्या. नवं गाव लागलं की कुणी देऊळ शोधतं, कुणी बाजार. हे स्टेशन शोधणार, हे त्यांना जहाजात बसण्याआधीपासून माहीत होतं. "चारला परत या म्हणजे झालं. जहाजाचे चार!"

"हो गं बाई, हो."

स्टेशन झकास होतं. उंच काचेचं छप्पर, सात फलाट, आणि मधोमध दोन तोंडांचं भलंमोठं गोल घड्याळ. गार्डसाहेबांनी भक्तिभावाने वर पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. स्टेशनच्या घड्याळात पावणेएक वाजले होते आणि त्यांच्या मनगटावर पावणेदोन.

दुसरा कुणी असता तर त्याला पत्रक आठवलं असतं. पण रेल्वेच्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. दोन घड्याळांचं भांडण झालं, की खरं ते स्टेशनचं. छत्तीस वर्षं रोज कामावर चढताना त्यांनी फलाटावरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं होतं. आताही बोटं आपोआप चावीवर गेली आणि काटा एक तास मागे आला. "घड्याळ जुनं झालं बिचारं," ते स्वतःशी पुटपुटले, आणि फुकटचा एक तास मिळाल्याच्या आनंदात कॉफी घेऊन बाकावर बसले.

तीन नंबरच्या फलाटावरचा गार्ड पिकल्या मिशांचा, त्यांच्याच वयाकडे झुकलेला. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. गार्डसाहेबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, हवेत झेंडा हलवला, तोंडाने शिट्टी वाजवली. मिशांना उमगलं. लगेच हात मिळवले, पाठीवर थाप पडली. पुढची सगळी दुपार दोघांनी खुणांवर काढली. शेवटी दोन पस्तीसच्या लोकलला मिशांनी हिरवा झेंडा चक्क यांच्या हातात दिला!

गार्डसाहेबांची छाती फुगली. दोन पस्तीस झाले आणि त्यांचा हात वर गेला. तेवढ्यात जिन्यावरून एक बाई पिशव्या सावरत पळत आली. साहेबांचा हात थांबेना, जित्याची खोड. मिशांनी हसत त्यांचं मनगट धरलं. दहा सेकंद, फार तर पंधरा. बाई चढली, तिने मागे वळून हात हलवला, आणि मिशांनी मनगट सोडलं. गाडी गेली. आभाळ काही कोसळलं नाही.

गार्डसाहेबांना त्या पंधरा सेकंदांनी बेचैन केलं. निरोप घेऊन ते तीनला निघाले. साडेचार वाजायला अजून दीड तास होता, त्यांच्या हिशेबाने. रमतगमत, दुकानांच्या काचा बघत ते बंदराच्या रस्त्याला लागले. जहाजाचा भोंगा वाजला. 'कुणाचं तरी जहाज सुटतंय वाटतं,' त्यांनी मनात म्हटलं. 'वेळेवर सुटतंय हो.'

बंदराच्या फाटकावरचा पहारेकरी त्यांच्या गळ्यातलं कार्ड बघून जोरजोरात ओरडू लागला आणि समोर बोट दाखवू लागला. त्याच्या मागच्या भिंतीवर एक कागद होता, त्यावर त्यांच्या जहाजाचं चित्र आणि खाली मोठे आकडे, चार तीस. शेजारी घड्याळाचं चित्र, आणि त्यापुढे अधिक एक. बाईंनी वाचलेलं पत्रक शब्दन्‌शब्द आठवलं. गार्डसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

ते धावले. सत्तरीकडे झुकलेला, साखरेचा माणूस, टोपी हातात, बूट फटफटत. धक्क्यावर खलाशी दोर सोडत होते. तीन शिड्या वर गेल्या होत्या, चौथी तेवढी खाली होती. तिच्या तोंडाशी पांढऱ्या कपड्यांतला अधिकारी हात जोडून कुणालातरी विनवत होता.

ती त्यांची बायको होती. एक पाय शिडीवर, दुसरा धक्क्यावर, बूट काखेत, आणि चेहरा असा की भलेभले मागे हटावेत.

"उचला ना," ती मराठीतच ठणकावत होती, "माझ्यासकट उचला! माझा माणूस येतोय. त्याला घड्याळ कळतं, दुसरं काही कळत नाही."

वरच्या कठड्यांवर शेकडो लोक टाळ्या वाजवत होते. छत्तीस वर्षं पळणारी माणसं गार्डसाहेबांनी डब्यातून पाहिली होती. पळणाऱ्याच्या पोटात काय होतं ते आज कळलं. त्यांनी शिडीचा कठडा धरला तेव्हा बाईंनी धक्क्यावरचा पाय उचलला, अधिकाऱ्याने घाम पुसला, आणि शिडी वर सरकली.

दोघं केबिनच्या वाटेवर एका बाकावर बसली. साहेब धापा टाकत होते. तिने पाण्याची बाटली पुढे केली. ती बाटली बघून त्यांचे डोळे भरून आले.

"अगं," ते म्हणाले, "त्या दिवशी जंक्शनवर... मी पाहिलं होतं तुला."

"माहितीये," ती टाच चोळत म्हणाली. "ऊन माझ्या डोळ्यांवर होतं. तुमची पाठ होती त्याच्याकडे."

"मग तीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगताय, वाट बघत होते. प्या आता पाणी. आणि ते घड्याळ एक तास पुढे करा."