बिनपायाची बाई आणि माझा गाळा

गोडाऊनमध्ये मालापेक्षा किस्से जास्त साठतात. माल निदान ट्रकमध्ये चढून जातो तरी. किस्से तिथेच मुक्कामाला! ठाण्याजवळ दापोड्यात बाबांचं गोडाऊन आहे. त्यातला एक गाळा मी भांडून मिळवला आणि जपानी लाकडी ठशांची चित्रं विकायला लागले. चार ऋतूंची चार चित्रं, ऋतू बदलला की भिंतीवरचं चित्र बदलायचं. वसंतात फुलं, पावसात छत्र्या, थंडीत बर्फ. आणि उन्हाळ्यात भूत! अंगावर काटा आला की उकाडा कमी वाटतो, म्हणून तिकडे उन्हाळ्यात भुतांची चित्रं लावतात.

बाबा म्हणाले, "मे संपेपर्यंत बघतो. न्हाय खपलं, तर गाळा ट्रान्सपोर्टवाल्याला. तो कवापासून मागं लागलाय."

"आणि खपलं तर?"

"पोरीनं बापाला उलट इचारायचं नसतं."

आमच्याकडे वय वाढलं की उत्तरं द्यावी लागत नाहीत.

*

उन्हाळ्याचा पहिला बॉक्स माझ्या गाळ्यातल्या कामगाराने, रामसजीवनने उघडला. पंधरा वर्षं लूमवर, कापडाच्या मागावर काढलेला माणूस, कापडातला एक तुटलेला धागा लांबून ओळखतो. चित्रात पांढऱ्या कपड्यातली बाई, केस मोकळे, मान वाकडी, कमरेखाली नुसता धूर. त्याने चित्र उजेडात धरलं.

"मॅडम, माल डिफेक्टिव्ह है. पैर छपना रह गया."

"डिफेक्ट नहीं है. भूत है. जपान के भूत के पैर नहीं होते."

"उलटे भी नहीं?"

"नहीं."

त्याने चित्र अलगद खाली ठेवलं. "उलटे होते तो आदमी पहचान तो लेता, मॅडम. इसको पहचानेंगे कैसे?"

संध्याकाळपर्यंत दोन पॅकर काम सोडून शेजारच्या गोडाऊनमध्ये लागले!

*

मग आत्या आली. अंजूरहून रिक्षाने, डबा घेऊन. आल्या आल्या तिने सगळ्या फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवल्या.

"आत्या, गिऱ्हाईक काय भिंतीतून बघणार?"

"तू गप." शेवटची फ्रेम वळवता वळवता ती थांबली. "ही बाय उपाशी हाय. तोंड बघ तिचं."

मी चिडून मोबाइलमध्ये डोकं घातलं. आत्याने ताटात भाकरी आणि सुकट वाढलं, त्या फ्रेमसमोर ठेवलं आणि निघून गेली. सकाळी ताट रिकामं. मी फोन करून सांगितलं, "मांजराने खाल्लं. झालं समाधान?"

"ताट कुठं हाय?"

"मोरीपाशी. धुऊन पालथं घातलंय."

आत्या म्हणाली, "मांजर भांडी घासतं काय गो?"

रामसजीवनला विचारलं. त्याने दोन्ही कान पकडले. त्यानंतर मी कोणालाच विचारलं नाही.

*

एक चित्र मात्र ठाण्याच्या एका बाईंनी हॉलसाठी नेलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मला वाटलं, आला माल परत!

"अहो, सासूबाईंनी हॉलमध्ये पाय ठेवणं बंद केलंय. दिवसभर आपल्या खोलीत असतात. बाहेर यायचं असेल तर मला हाक मारतात."

"सॉरी मॅडम, आम्ही बदलून देतो..."

"बदलून कशाला? अजून एक पाठवा. किचनसाठी!"

*

आता मी घाबरले ती गोष्ट. मी बी.एस्सी. आहे, हे आधी सांगते.

भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले. मी फ्रेम पुसत होते. एका काचेवर वाफ दिसली. पुसली, जाईना. कारण ती आतल्या बाजूने होती. बरोबर बाईच्या तोंडासमोर, रुपयाएवढी. मी बघत असताना ती कमी झाली. मग पुन्हा वाढली.

मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. चप्पल आतच राहिली.

सगळे परतल्यावर ठणकावून सांगितलं, "ह्युमिडिटी आहे. खाडीची दमट हवा."

रामसजीवनने फ्रेमकडे पाहिलं. "मॅडम, इतनी बड़ी काच में ह्युमिडिटी को यही एक जगह मिली?"

*

मे संपत आला. बहुतेक बॉक्स तसेच पडून. एका दुपारी बाबा ट्रान्सपोर्टवाल्याला घेऊनच आले. गाळ्याची चावी बाबांनी माझ्या हातातून काढून घेतली. भांडायला माझ्याकडे एकही आकडा नव्हता. वर पत्रा तापलेला, माझा ड्रेस पाठीला चिकटलेला.

ट्रान्सपोर्टवाला टेप लावून भिंत मोजत मोजत त्या बाईपर्यंत गेला. तिथे थांबला. टेप सर्रकन आपोआप गुंडाळली गेली.

"शेठ, तुम्ही बोलून घ्या. मी गाडीत बसतो." गेला तो गाडी चालू करूनच बसला.

"काय येडी लोकं," असं म्हणत बाबा चित्रासमोर खोक्यावर बसले. बघत राहिले. बराच वेळ झाला. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या, कॉलरचं बटण लावलं आणि दोन्ही दंड चोळले.

"तो पंखा बंद कर गो. गारठलो मी."

"बाबा," मी म्हटलं, "लाईट सकाळपासून न्हाय."

बाबांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग बाईकडे. उठले, चावी माझ्या हातात ठेवली आणि तिच्याकडे पाठ न करता, मागे मागे चालत दाराबाहेर गेले.