आईच्या साडीतलं लोंगर

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, असं मी बाबांना तोंडावर म्हणायचे. लाँचवरची खलाशाची नोकरी संपली, आगरदांड्याच्या जेट्टीवर नुसतंच जाऊन उभं राहायचाही कंटाळा आला, तेव्हा त्यांनी परसातल्या केळींना धरलं. वेलची आणि तांबडी या दोन जाती एकत्र करायच्या म्हणे. दोन्हींची पिल्लं खणून काढायची, गड्ड्यासकट उभी चिरायची, एकीचं अर्धं दुसरीच्या अर्ध्याला लावायचं आणि वरून सुंब आवळायचं. गाठी खलाशाच्या, कोयत्याशिवाय न सुटणाऱ्या. मग शेणमाती लिंपून खड्ड्यात. सगळे जोड सडले. मी मुरूडहून भेटायला यायचे ती नाकाला ओढणी लावूनच.

तोवर मी हसत होते, कारण आईच्या राजेळी केळीला त्यांनी हात लावला नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन येताना आईने हरिहरेश्वराकडून ती आणली होती. आई गेली, आणि पुढच्याच पावसाळ्यात उधाणाचं खारं पाणी परसात शिरून राजेळीचं अख्खं बेट कुजलं. एकच पिल्लू वाचलं. बाबांनी तेच चिरलं आणि वेलचीच्या अर्ध्याला बांधलं.

"बाबा, एकच होतं ना रे ते?"

"राजेळी उंच जाते, वाऱ्याला पडते. येलचीचं अंग लागलं की ठेंगणी राहील. माज्यामागं टिकाया पायजे, बाय."

मला इतका राग आला की मी न जेवताच परत फिरले. त्या घरात आईचं असं जिवंत तेवढंच उरलं होतं.

या वेळी मात्र जोडातून कोंब आला. एकच. तो कुठल्या अर्ध्यातून आला ते मातीखालचं कोण सांगणार? बाबा कुणाला जवळ जाऊन पानं निरखू देत नसत. स्वतः मात्र सकाळ-संध्याकाळ तिच्याशी बोलायचे. "पाणी पुरलं काय गो?" आईला शेवटच्या आजारात "गोळी घेतलीस काय गो?" विचारायचे, तो हाच आवाज. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि भांडी जरा जोरात आपटायचे.

एका दुपारी वारा अगदी पडला होता. मी परसात कपडे वाळत घालत होते आणि केळीच्या खोडातून कण्हल्यासारखा आवाज आला. लांबलेला, मग थांबलेला. केळ व्याताना, म्हणजे घड बाहेर पडताना, कण्हते असं आई सांगायची. आम्ही तिची टिंगल करायचो. मी बादली तिथेच टाकून घरात आले. बाबा ओटीवर बसून होते. म्हणाले, "सुटंल आता."

पुढच्या खेपेला परसात साडी दिसली. लोंगर, म्हणजे केळ्यांचा घड, भरू लागलं की वटवाघळांपासून राखायला आमच्याकडे त्यावर गोणपाट नाहीतर जुनी लुंगी बांधतात. बाबांनी आईची हिरवी साडी काढली होती. वरून गाठ मारून निऱ्या पार खालपर्यंत सोडलेल्या. जेट्टीच्या रस्त्यावरून पाहिलं तर कोणीतरी घराकडे तोंड करून उभं आहे असंच वाटे. आमची नेहमीची मासळीवाली मागच्या दाराने यायची थांबली. रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "तुजी आई पाठमोरी उबी व्हती, बाय. मी हाक मारली. मंग आठवलं."

मी तिला वेड्यात काढलं. पण लोंगर जड होत होतं, केळ झुकत होती, आणि दर खेपेला ती मला थोडी जास्त वाकलेली दिसायची. आई अशीच वाकत गेली होती.

शेवटी राहवेना. बाबा जेवून आडवे झाले तशी मी परसात गेले आणि साडी वर केली. आखूड, बोटाएवढी, पातळ सालीची केळी. वेलची. वरपासून खालपर्यंत नुसती वेलची. राजेळी मातीतच संपली होती. आई आता पुरती गेली, असं वाटून मी तिथेच रडले.

"मला ठावं हाय," मागून बाबा म्हणाले. "पयली फणी उघडली तवाच कळलं."

"मग ही साडी कशाला?"

"मग काय उघडी ठेवू?"

लोंगर तयार झाल्यावर मीच उतरवलं. एकदा व्यायलेली केळ पुन्हा काही देत नाही, ती तोडायचीच असते. बाबा कोयत्याला हात लावेनात, म्हणून तीही मीच तोडली. बुंध्यातून पाणी वाहिलं, माझ्या कुडत्यावर डाग पडले. आम्ही तिथेच चहा घेत बसलो. तोडलेल्या केळीचा आतला पांढरा गाभा वर सरकतो, हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. त्यात नवल काहीच नाही. तरी कप रिकामा होईतो तो कापावरून बोटभर वर आला, ओला, आणि माझ्याने तिकडे पाठ करवेना. मला भीती वाटत होती. आणि तो आणखी वर यावा असंही वाटत होतं.

"ऊन लागंल," बाबा म्हणाले. "झाक तिला."

मी साडी उचलली आणि झाकलं.