रत्नमालाबाईंची थंड खोली

शनिवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी रत्नमाला दाभाडे मुकुंदवाडीतल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत मशरूम काढत होत्या. तोंडावर मास्क, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, अंगात मुलीचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. दोऱ्यांनी टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत गव्हाचा भुसा दाबून भरलेला आणि पिशव्यांच्या भोकांतून धिंगरी जातीच्या मशरूमचे पांढरट घोस बाहेर आलेले. घोस बुडाशी धरायचा, हलका पीळ द्यायचा, टोपलीत टाकायचा. छत्र्यांच्या कडा वर वळायच्या आत हे काम व्हावं लागतं. कडा वळल्या की त्यातून पिठासारखी पांढरी धूळ सुटते आणि हवेत तरंगत राहते. हे बीजाणू.

पूर्वी त्या मुद्दाम उशिरा काढत. तेवढ्यात घोस थोराड होतो, वजन भरतं.

या पिशव्यांचं हे शेवटचं पीक. पुन्हा भुसा भिजवायचा की खोली कायमची बंद करायची, हे आज ठरायचं होतं. खोली बंद झाली तर त्यांचे पती राजेंद्र घरी येऊ शकतात. चालू राहिली तर नाही.

राजेंद्र वीस वर्षांहून जास्त काळ गुलमंडीतल्या एका कापड दुकानात तागे उलगडून दाखवायचे. तीन उन्हाळ्यांपूर्वी त्यांना कोरडा खोकला लागला, मग जिना चढताना दम. कापडाच्या तंतूंनी छाती धरली असं सगळ्यांनी ठरवलं आणि त्यांनी दुकान सोडलं. घराची पुढची खोली पत्र्याची. मे महिन्यात तिथं दुपारी बसवत नाही. मागची खोली स्लॅबची, मशरूमसाठी चारी बाजूंनी ओली गोणपाटं लावलेली, घरातली एकमेव थंड जागा. आजारी माणसाची खाट तिथं टाकली गेली. राजेंद्र दिवसरात्र तिथंच पडून राहू लागले.

खोकल्याच्या आदल्या वर्षीच रत्नमालाबाई बचत गटाच्या प्रशिक्षणात मशरूम शिकल्या होत्या. धिंगरीत प्रथिनं आणि तंतू भरपूर, चरबी कमी, हे तिथं सांगितलं गेलं आणि ते खरं आहे. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्यापुढची मजल मारली: अमुक मशरूम साखर उतरवतं, तमुक छाती साफ करतं. काही जातींचे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. माणसांच्या आजारांवरचा पुरावा अजून तोकडा आहे. एवढा फरक व्हिडिओत कुणी सांगत नव्हतं. एका प्रदर्शनातून त्यांनी रेशी नावाच्या औषधी मशरूमची तपकिरी भुकटी आणली. ती राजेंद्र यांना गरम पाण्यातून सकाळ-संध्याकाळ. शेजाऱ्यांनाही त्या तिचे गुण सांगत.

मध्ये पुतण्याच्या लग्नासाठी दोघं पिशोरला, राजेंद्र यांच्या भावाकडे, आठवडाभर राहिली. खोकला उतरला. गावची हवा, असं सगळे म्हणाले. परत आल्यावर तो दुप्पट झाला. रत्नमालाबाईंनी भुकटीचा एक चमचा वाढवला.

छातीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कबुतरं, कोंबड्या, कसली धूळ? दोघांनी दुकानातलं कापड सांगितलं. मशरूमचं नाव निघालं नाही. ते घरचं औषध होतं. धुळीच्या प्रश्नाला औषधाचं नाव कोण सांगणार?

मुलगी मोनाली नर्सिंगला आहे, वसतिगृहात राहते. दिवाळीला आली तेव्हा सकाळी खिडकीतून उन्हाचा पट्टा खाटेवर पडला होता. त्या पट्ट्यात धूळ हलत होती. वडिलांच्या काळ्या घोंगडीवर पांढरा थर होता. तिनं बोट फिरवलं, फोटो काढला आणि डॉक्टरांना दाखवला. फुप्फुसांचा स्कॅन झाला. या धुळीनं जेवढं फुप्फुस कडक झालं तेवढं परत मऊ होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले; उरलेलं वाचवायचं तर हे घर सोडा. त्याच आठवड्यात राजेंद्र पिशोरला गेले. आता तिथं त्यांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र असतं.

सकाळी सातला शेजारच्या साळूबाई दारात आल्या.

"रत्नमाला, पोराला लई दम लागतोय. तुझी ती भुकटी दे की."

"भुकटी बंद केली, मावशी."

"आमच्यापुरतीच बंद व्हय? तूच म्हणायचीस ना, छाती लोखंडासारखी होती म्हणून?"

"म्हणायची."

"मग?"

"ही भाजी घेऊन जा. चांगली लागती. पोराला डॉक्टरकडं ने."

साळूबाईंनी भाजी घेतली. "औषध नाय तर नाय, भाजी तर भाजी," म्हणत त्या गेल्या.

मागच्या रविवारी पिशोरमध्ये राजेंद्र म्हणाले होते, "मला घरी ने."

"खोली बंद करते," रत्नमालाबाई म्हणाल्या. "भिंती धुते, चुना मारते. गाद्या बदलल्या तर बघू, म्हणलेत डॉक्टर."

दीर गोकुळ हसवायला म्हणाला, "वहिनी, दादाला इथलं जेवण गोड लागंना. तुमच्या हातचं मशरूम पायजे त्याला."

राजेंद्र हसले. हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबला नाही. यंत्राची नळी नीट केल्यावर त्यांनी विचारलं, "खोली बंद केल्यावर मोनालीचं कसं?"

मोनालीची फी मशरूमच्या पैशांतूनच जाते. घरात दुसरी मिळकत नाही.

"तिचं शेवटचं वर्ष निघू दे. तवर राहतो मी इथं."

"अन् तवर तुम्हाला काय झालं तर?"

"इथली हवा चांगली हाय," राजेंद्र म्हणाले आणि भिंतीकडं कुशीवर वळले.

ते दिवाळीपासून घरी आलेले नाहीत. डॉक्टरांनी मोनालीला बाजूला घेऊन सांगितलं आहे की पुढचा हिवाळा अवघड आहे. मोनालीनं ते आईला सांगितलं. राजेंद्र यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलेलंही नाही.

शनिवारी दुपारी रत्नमालाबाईंनी रिकाम्या पिशव्या उतरवल्या आणि खोली झाडली. खाटेची जागा अजून मोकळीच आहे, तिथं त्यांनी पिशवी टांगलेली नाही. मग निळा ड्रम अंगणात ओढला, त्यात जंतुनाशक औषध घातलेलं पाणी भरलं, गव्हाचा भुसा आत दाबला आणि तो वर येऊ नये म्हणून त्यावर पाटा ठेवला.

भिजवलेला भुसा रात्रभर पाण्यात राहतो. उद्या, रविवारी, सकाळी सहाला तो उपसायचा आहे. त्यानंतर रत्नमालाबाई साळूबाईंच्या मोरीत डोक्यावरून अंघोळ करतील आणि साळूबाईंच्याच ट्रंकेत ठेवलेली, या धुळीच्या घरात कधीही न आणलेली साडी नेसतील. पिशोरची गाडी मध्यवर्ती बसस्थानकातून साडेआठला सुटते.